लहान लेकरांच्या हौदात कोणती वाळू घालावी?



आपल्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिच्या मागं लिंबाच्या झाडाखाली एक हौद आहे. हौद म्हणलं की पाण्याचा वाटतो, पण हा वाळूचा आहे. त्याची लांबी १० फूट, रुंदी ८ फूट आणि काठ दीड फूट उंच आहे. सकाळी अंगणवाडीतली लेकरं त्यात बसून घर करतात, विहीर खोदतात, भाकरी थापतात आणि एकमेकांच्या भाकरी मोडतात. मग भांडतात. आज शाळा पाहायला आलेल्या पालकांना ती वाळू साधीच वाटेल. पण ती मिळायला आम्हाला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दिवस लागले. गुरुजी म्हणले, "ही माहिती तूच लिही. तक्रार तुझ्याच घरून आली होती." म्हणून मी लिहिते आहे.

तक्रार अशी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर हौद बांधून झाला. त्यात काय भरायचं याचा कुणी फार विचार केला नाही. बारीक असलं की झाली वाळू, असं सगळ्यांना वाटलं. एका भल्या माणसानं खडी केंद्रावरून एक ट्रॉली कच फुकट आणून टाकली. कच म्हणजे दगड फोडून खडी करताना खाली पडणारा चुरा. दिसायला वाळूसारखाच, रंग राखेसारखा. तिसऱ्या दिवशी एका पोरानं मूठभर कच वर उधळली आणि ती माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यात गेली. ती चार वर्षांची आहे. तिला आम्ही छकुली म्हणतो. तिनं डोळा चोळला. चोळायचा नसतो, पण लहान लेकराला कोण सांगणार? अंगणवाडीच्या ताईंनी पाण्यानं धुतला तरी ती डोळा उघडेना. बाबांनी मोटारसायकलवर तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, बुबुळावर ओरखडा आला आहे. पाच दिवस थेंब घालावे लागले. रात्री ती झोपेत रडायची.

सहाव्या दिवशी माझी आई शाळेत आली आणि सगळ्यांसमोर म्हणली, "लेकराचा डोळा गेला असता म्हणजे?" गुरुजी काहीच बोलले नाहीत. गुरुजींना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्याच दिवशी हौदावर ताडपत्री टाकून वर दगड ठेवले.

गंमत अशी की हौद बंद झाल्यावर सगळ्यांत जास्त रडली ती छकुलीच. रोज जायची आणि ताडपत्रीचा कोपरा उचलून आत बघायची.

मग पालकांची बैठक झाली. काही जण म्हणले, वाळूच नको, फरशी बसवा. मातीत खेळायला घर काय कमी आहे? माझे आजोबाही बैठकीला होते. ते म्हणले, "माझे वडील तर वाळूतच लिहायला शिकले." तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. गावात पाटी-पेन्सिल फार थोड्यांकडं असायची. पंतोजी फळीवर बारीक वाळू नाहीतर धूळ पसरायचे आणि पोरं त्यात बोटानं अक्षरं गिरवायची. त्याला धुळाक्षरं म्हणतात. चुकलं की हात फिरवायचा, झालं कोरं. पाटीवर थुंकायचं कामच नाही. (हे आजोबा म्हणले, मी नाही.)

गुरुजींनी ताराबाई मोडक यांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९४५ साली बोर्डी या गावी खेड्यातल्या लेकरांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. शहरातल्या बालशाळेतली लाकडी साधनं महाग असत, ती खेड्यात कोण घेणार? म्हणून त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंनीच शिकवलं. जी लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणातच जाऊन त्यांनी बालवाडी भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. दुसरी गोष्ट परदेशातली. जर्मनीतल्या बर्लिन शहरात मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले एका डॉक्टरीणबाईंनी पाहिले आणि ते अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कळवलं. तिथं सुमारे १८८५ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी असाच वाळूचा ढीग टाकला. तिकडची मुलांची खेळाची मैदानं त्या ढिगापासून सुरू झाली. झोके आणि घसरगुंड्या मागून आल्या.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, "वाळू असू द्या. पण कोणती ते बघून घाला." मग ठरलं की वाळू चौथीच्या वर्गानं निवडायची. म्हणजे आम्ही.

आधी वाळू म्हणजे काय ते सांगते. खडक ऊन, वारा आणि पाण्यानं फुटतो. त्याचे तुकडे ओढ्यातून नदीत जातात. वाहताना ते एकमेकांवर घासतात आणि झिजून लहान होतात. साधारण २ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याला खडा म्हणतात. त्याहून लहान ती वाळू. आणि बोटात चोळल्यावर कण लागतच नाही, पिठासारखं वाटतं, तो गाळ. म्हणजे वाळू हे दगडाच्या जातीचं नाव नाही, मापाचं नाव आहे. कोणत्याही दगडाची वाळू होऊ शकते. हे मला आधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं वाळू ही वाळूच असते, जशी ज्वारी ही ज्वारी.

आपल्या भागात दोन जातींचे खडक आहेत. लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या बऱ्याच भागात काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. तो कुजला की त्याची काळी माती होते. कापसाला आणि सोयाबीनला ती चांगली, पण त्यातून वाळू फार निघत नाही. म्हणून आपल्या गावच्या ओढ्यात चिखल जास्त आणि वाळू कमी. दुसरा खडक ग्रॅनाइट. तो देगलूर, बिलोली, मुखेड या बाजूला दिसतो. शेतात हत्ती बसल्यासारखे मोठे गोल दगड असतात ना, तेच. तो काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना आहे. त्यात काचेसारखी गारगोटी असते, गुलाबी फेल्स्पार असतो आणि चमकणारं अभ्रक असतं. गारगोटी लवकर झिजत नाही, म्हणून ग्रॅनाइटच्या मुलखातल्या नदीत वाळू भरपूर.

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूर जिल्ह्यातून ती कर्नाटकात बीदरकडं जाते, मग तेलंगणात शिरते, तिथं वळून उत्तरेला येते आणि बिलोली तालुक्याच्या कडेनं जाऊन गोदावरीला मिळते. पहिल्या वाटेवर काळा पाषाण आणि पुढच्या वाटेवर ग्रॅनाइट. म्हणून बिलोलीकडं मांजरेची वाळू लाल असते. बांधकामवाले लोक लांबून येऊन ती मागतात. गोदावरीची वाळू मात्र करडी, कारण ती नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरपासून नांदेडपर्यंत काळ्या पाषाणावरूनच येते. नकाशात बघा, दोन्ही नद्या बोटानं गिरवता येतात.

आम्ही चार डबे गोळा केले. एकात आपल्या ओढ्याची वाळू. दुसऱ्यात मांजरेची लाल वाळू, ती माझ्या मामाच्या गावाहून आणली. तिसऱ्यात गोदावरीची, ती एका मैत्रिणीच्या काकांनी धर्माबादकडून पाठवली. चौथ्यात हौदातलीच कच.

पहिल्यांदा तळहातावर चोळून पाहिली. ओढ्याच्या वाळूनं हात काळा झाला आणि धुतल्याशिवाय निघेना. कचेनं हात पांढुरका झाला आणि टोचलं. लाल वाळूनं हात स्वच्छ राहिला, नुसतं अभ्रक चमकत राहिलं. पोरींना ते आवडलं आणि दोघींनी गालाला लावलं. गोदावरीच्या वाळूनं थोडासा मळ लागला.

मग भिंगातून पाहिली. हे सगळ्यांनी एकदा पाहावं. भिंग गुरुजींच्या कपाटात आहे, मागितलं की देतात. कचेचा एकेक कण फुटलेल्या बांगडीच्या तुकड्यासारखा दिसतो. कोपरे आणि धार. कारण ती मशिनीत फोडलेली असते, तिला नदीनं घासलेलं नसतं. गोदावरीच्या वाळूचे कोपरे झिजून गेलेले होते. लाल वाळू मधली होती. काही कण गोल, काही कोपऱ्याचे. पण कचेसारखी धार कुठंच नाही. छकुलीच्या डोळ्यात काय गेलं होतं ते मला तेव्हा दिसलं. मी भिंग लवकर दुसरीकडं दिलं.

तिसरी परीक्षा बाटलीची. ही घरीसुद्धा करता येते. काचेच्या सरळ बाटलीत चार बोटं वाळू घालायची, वर पाणी घालायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, झाकण लावून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. जड वाळू आधी खाली बसते, गाळ तिच्यावर बसतो. मीठ कशाला? गाळाचे कण फार हलके असतात, ते पाण्यात तरंगत राहतात. मिठानं ते एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात आणि लवकर खाली बसतात. एका पोराला खरं वाटेना. म्हणून आम्ही ओढ्याच्या वाळूची एक बाटली मिठाची आणि एक बिनमिठाची ठेवली. दुपारच्या खिचडीपर्यंत मिठाची बाटली वरून निवळली होती, बिनमिठाची दुसऱ्या दिवशीपण गढूळच होती.

दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजलं. ओढ्याची वाळू ४ सेंटिमीटर आणि तिच्यावर गाळ ३ सेंटिमीटर! म्हणजे आपण ज्याला वाळू म्हणतो तो जवळजवळ अर्धा चिखलच. कचेवर दीड सेंटिमीटर राखी पीठ बसलं. लाल वाळूवर फक्त ३ मिलिमीटर आणि गोदावरीच्या वाळूवर ५ मिलिमीटर.

हे पीठ बघून गुरुजी थांबले आणि म्हणले, "डोळ्याचं आपण पाहिलं, आता नाकाचं बघा." त्यांनी कोरडी कच उंचावरून टोपल्यात सोडली. धूर निघाला. दगडाची ही धूळ श्वासातून आत जाते. गारगोटीत सिलिका असते. खाणीत आणि दगड दळायच्या कारखान्यात काम करणाऱ्या लोकांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं सिलिकाची धूळ साठून सिलिकोसिस नावाचा आजार होतो. तो बरा होत नाही. हौदात खेळून तसा आजार होतो असं नाही, भिऊ नका. पण बसून खेळणाऱ्या लेकराचं नाक वाळूपासून एका हातावर असतं. म्हणून हौदातली वाळू धुतलेली पाहिजे आणि खेळताना ओलसर पाहिजे. लाल वाळूत गारगोटी असते म्हणून तिला तर धुतलीच पाहिजे.

आम्ही बाटल्या घेऊन ओट्यावर बसलो होतो तेव्हा आमच्या गल्लीतले गवंडीमामा आले. ते म्हणले, "काय करलालाव रे लेकरांनो? औषध करलालाव का?" आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी लाल वाळू मुठीत घेतली आणि म्हणले, "एक नंबर. स्लॅबला हिच्यावाणी रेती नाही." मग कच बघितली. "आन् हिला कामून नावं ठेवलालाव? नदीची रेती मिळंना झाली, आता लई घरं धुतलेल्या क्रश सँडवरच उभी राहालालीत. कोपरे असले म्हणजे सिमेंट धरून बसतंय." तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी, जी वर्गात कधीच बोलत नाही, ती म्हणली, "मामा, पण लेकराच्या डोळ्याला पण ते कोपरे धरून बसतेत." गवंडीमामा तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हणले, "खरंय माय. घराची रेती येगळी आन् लेकराची येगळी." ते त्यांनी म्हणलं आणि आम्ही लगेच फळ्यावर लिहून ठेवलं.

चौथी परीक्षा सगळ्यात मजेची. भाताची मूद पाडतो तशी वाटीनं वाळूची मूद पाडायची. कोरड्या वाळूची मूद होत नाही, नुसता ढीग होतो. ८ वाट्या वाळूत १ वाटी पाणी कालवलं की मूद उभी राहते. पाणी फार झालं तर ती बसकण मारते. असं का होतं? दोन पाट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवा आणि सोडवून बघा, लवकर सुटत नाहीत. मधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. वाळूच्या कणांमध्येही तसंच थोडं पाणी बसतं आणि कण धरून ठेवतं. पाणी जास्त झालं, सगळी फट भरली, की धरायला काही राहत नाही.

आता खरं सांगायचं तर मूद सगळ्यात छान कचेची झाली! आम्ही गप्पच बसलो. पण दुसऱ्या दिवशी वाळल्यावर ती फरशीसारखी घट्ट झाली. टोच्यानं फोडावी लागली. तिच्यातलं पीठ कणांच्या फटीत बसून गच्च होतं. त्यावर पडलं तर गुडघे फुटतील. ओढ्याच्या वाळूची मूद चांगली झाली पण हाताला, फ्रॉकला, सगळ्याला चिखल लागला. ज्यांच्या घरी आई धुणं धुते त्यांनी ती नापास केली. ज्या पोरांना धुण्याशी काही देणंघेणं नाही त्यांनी पास केली. शेवटी मतं मोजली, नापास. लाल वाळूची मूद कडेनं ढासळत होती, कारण ती जाडी होती. गोदावरीची मऊ आणि सुबक झाली. पण तिच्यात शिंपल्यांचे तुकडे सापडले, आणि शिंपल्याला धार असते.

म्हणून आम्ही ठरवलं, लाल वाळू चाळून तिच्यातली जाडी काढायची, गोदावरीची चाळून तिच्यातले शिंपले काढायचे आणि दोन्ही एकत्र करायच्या. लाल वाळू स्वच्छ म्हणून, गोदावरीची बारीक म्हणून.

हे फळ्यावर लिहिणं सोपं होतं. वाळू आणायची कुठून? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमचा हौद १० गुणिले ८, आणि एक फूट उंच भरायचा तर ८० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा थोडी जास्त. एक माणूस शाळेत आला आणि म्हणला, "गुरुजी, कशाला एवढा इचार? रातच्याला लाल रेतीची ट्रॉली आणून टाकतो, पैसे पण देऊ नका." गुरुजींनी विचारलं, "पावती आहे का?" तो हसला. "लेकराच्या खेळायला कशाची पावती?" गुरुजी म्हणले, "मग नको." आम्हाला फार वाईट वाटलं. समोर आलेली वाळू परत चालली होती. छकुलीनं तर त्या माणसाचा शर्ट धरला होता.

नंतर गुरुजींनी आम्हाला बसवून कारण सांगितलं. नदीतली वाळू म्हणजे नदीचा माठच आहे. पावसाचं पाणी तिच्या फटींत साठतं आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना झिरपत राहतं. वाळू उपसली की माठ फुटला. आपल्याकडं पाण्याचे हाल काय असतात ते मोठ्या माणसांना विचारा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मी तेव्हा पाळण्यात होते. दुसरं कारण मला आधीच माहीत होतं. माझ्या मामाचं गाव मांजरेच्या काठावर आहे आणि मामा आम्हाला नदीत पाय घालू देत नाही. वाळू काढल्यावर नदीत खोल खड्डे राहतात. वरून पाणी सारखंच दिसतं. एक पाऊल गुडघ्याएवढं आणि दुसऱ्या पावलाला माणूस दिसत नाही. आपल्या हौदासाठी तिकडं तसा खड्डा झाला असता.

वाळू शेवटी जवळच मिळाली. आमच्या वाड्याशेजारच्या काकूंचं घरकुल पूर्ण झालं होतं. पावतीवर आणलेली लाल वाळू त्यांच्या दारात शिल्लक होती आणि कोंबड्या तिच्यात लोळत होत्या. काकू म्हणल्या, "न्या बाई, माझं आंगण तरी मोकळं होईल." अर्धा ब्रास निघाली. म्हणजे ५० घनफूट. ५० भागिले ८०, हौदात साडेसात इंच उंची. हे गणित आम्हाला गुरुजींनी परीक्षेतही घातलं.

गोदावरीची वाळू त्या मैत्रिणीच्या काकांनी दिली. त्यांचं घर बांधून झालं होतं, त्यातली सहा पोती उरली होती. आता हसू नका. धर्माबादचा मिरचीचा बाजार मोठा आहे, आणि काकांनी वाळू मिरचीच्या जुन्या पोत्यांत भरून पाठवली! पोतं सोडताच आम्ही सगळे शिंकायला लागलो. एका पोराचे हात संध्याकाळपर्यंत भगभगत होते. डोळ्यासाठी वाळू बदलायची आणि तिच्यात मिरची! माझी आई हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. ती वाळू आम्ही तीनदा धुतली आणि चार दिवस उन्हात घातली. मग गुरुजींनी आधी स्वतःच्या मनगटाला चोळून बघितली.

चाळायला दोन चाळण्या घेतल्या. आधी गवंडीमामांची मोठी चाळण, तिच्यावर खडे, काड्या, बिडीची थोटकं आणि दोन खिळे राहिले. खिळे सगळ्यांना दाखवले. मग गव्हाची चाळण. धुवायला घमेल्यात निम्मी वाळू घ्यायची, पाणी घालून हातानं ढवळायचं, दहा आकडे मोजायचे आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. पाणी निवळ दिसेपर्यंत तसंच करायचं. पाणी वाया घालवलं नाही. सगळं गढूळ पाणी लिंबाला आणि जास्वंदीला घातलं. चाळून-धुऊन लाल वाळू बरीच कमी झाली. गोदावरीची मिसळून हौद सात इंच भरला. फूटभर पाहिजे होता, पण लहान लेकरांच्या विहिरीला सात इंच पुरतात.

वाळू टाकायच्या आधी हौदाचा तळ नीट केला. आपली काळी जमीन पाणी लवकर पित नाही, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता खड्डा करून वाळू घातली तर मृगात त्याचं डबकं होतं आणि वाळूत चिखल मिसळतो. म्हणून हौद जमिनीच्या वर बांधलेला आहे, ते बरोबरच होतं. आम्ही खाली मुरूम टाकला, वर खडीचा थर दिला, खडीवर जुनं पोतं अंथरलं आणि मग वाळू. काठाला खालून दोन भोकं ठेवली आहेत, पाणी निघून जायला. आणि ती कच? ती टाकून दिली नाही. हातपंपाच्या भोवती चिखल व्हायचा, तिथं पसरून पाणी मारून चोपली. घट्ट बसली. आता तिथं कुणी घसरत नाही. कच तिच्या जागी चांगलीच आहे.

आता हौदाचं काम रोजचं आहे. संध्याकाळी पोती शिवून केलेलं झाकण घालतो, कारण मांजराला वाळू दिसली की ती तिचं काम उरकते, आणि त्या घाणीतून लेकरांच्या पोटात जंत जातात. सकाळी झाकण काढताना काठीनं उचलायचं, हातानं नाही. एकदा झाकणाखाली विंचू निघाला होता. दर शनिवारी चौथीची दोन मुलं फावड्यानं वाळू खालवर करतात आणि ऊन देतात. सोमवारी झारीनं पाणी शिंपडतो, धूळ उडू नये एवढंच. खेळ झाल्यावर लेकरांचे हात साबणानं धुवायचे, हे ताई बघतात. वाळू उधळणाऱ्याला एक दिवस हौदाबाहेर बसवतात. त्याला सगळ्यात जास्त ती भिते जिनं आधी स्वतः खाल्ली होती, म्हणजे छकुली. ती दुसऱ्यांनाही सांगत फिरते.

हौद संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी उघडला. आईला बोलावलं होतं. तिनं चप्पल काढली, काठावर बसली, मुठीत वाळू घेऊन चोळली, गालाला लावून बघितली आणि कुणाला काही न बोलता छकुलीला आत सोडलं. छकुलीनं पहिल्यांदा विहीर खोदली. मग त्यात पाणी नाही म्हणून रडली.

पालकांना एक विनंती आहे. हौदाचं झाकण फाटायला आलं आहे आणि पावसाळ्याआधी नवं शिवायचं आहे. ज्यांच्या घरी ज्वारीची किंवा सोयाबीनची रिकामी सुतळी पोती असतील त्यांनी अंगणवाडीच्या ताईंकडं द्यावीत. सात लागतील. मिरचीचं पोतं नको.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी